फोडणीशिवाय

कारळ्याचं शास्त्रीय नाव गुइझोशिया ॲबिसिनिका. ॲबिसिनिया म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव. आमच्या नाशिककडे कारळ्यांना खुरासणी म्हणतात. पावसाळा सरत आला की पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरउतारांवर त्यांची पिवळी शेतं दिसू लागतात, आणि लसूण-मिरची घालून कुटलेली त्यांची चटणी मी भाकरीबरोबर जन्मभर खात आले आहे. हे पीक मूळचं इथिओपियाचं आहे हे मात्र मला नानांचा ऐंशीवा वाढदिवस येईपर्यंत माहीत नव्हतं. नाचणीही आफ्रिकेच्या त्याच उंच पठारांवरून आपल्याकडे आली, काही हजार वर्षांपूर्वी. तिकडे तिला दागुसा म्हणतात. ज्वारीही त्याच बाजूची. म्हणजे भाकरी तिकडची आणि तिच्यावरची चटणीही तिकडचीच, तरी आमच्या घरात इथिओपिया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त नाना यायचे.

नाना म्हणजे माझे सासरे. गणिताचे मास्तर. लग्नाआधी ते इथिओपियात शिकवायला होते. आज हे ऐकून लोक चकित होतात, पण साठ-सत्तरच्या दशकांत ही फार नवलाची गोष्ट नव्हती. तिथल्या माध्यमिक शाळांत इंग्रजीतून शिकवत आणि शिक्षक कमी पडत, म्हणून सम्राट हाइले सेलासींच्या सरकारने भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले. केरळातून खूप गेले, इतर प्रांतांतूनही गेले. नानांना नेमणूक मिळाली ती गोज्जाम प्रांतातल्या देब्रे मार्कोस नावाच्या गावी. अदिस अबाबापासून वायव्येला तीनेकशे किलोमीटर. वाटेत अबाय नदीची, म्हणजे निळ्या नाईलची, दरी लागते. रस्ता एका बाजूने हजारभर मीटर खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडून तेवढाच वर चढतो. नाना अजूनही कसारा घाटातून जाताना ‘हे काय, हे तर पायरी उतरल्यासारखं’ असं म्हणतात आणि गाडीतलं कुणीही त्यावर काही बोलत नाही, कारण सगळ्यांनी ते आधी ऐकलेलं असतं.

तिथल्या घड्याळाच्या गोष्टीही आम्हाला पाठ आहेत. तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे एक, आणि नानांची शाळा भरायची ‘दोन वाजता’. महिने तेरा, पगार मात्र बाराच महिन्यांचा. वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे, त्यामुळे ऐंशीव्या वर्षी नानांनी जाहीर केलं की तिकडच्या हिशेबाने ते अजून बहात्तरचेच आहेत. हा हिशेब साफ चुकीचा आहे, कारण जन्मसालही तेवढंच मागे जातं. गणिताच्या मास्तरांना हे कळत नाही असं थोडंच आहे!

तर ऐंशी पूर्ण होणार म्हणून नवऱ्याच्या डोक्यात सहस्रचंद्रदर्शन, हॉल, दीडशे पानं असं सगळं होतं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हॉल नको, भटजी नको. मला एकदा इंजेरा खायचाय.”

“ते आंबट फडकं?” आई म्हणाल्या. आईंनी इंजेरा कधी पाहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा नाना परत येऊन वर्ष होत आलं होतं. पण फडक्याएवढा, आंबट, सच्छिद्र, ताटभर पसरलेला हे वर्णन ऐकून ऐकून त्यांनी त्याला हे नाव देऊन टाकलं होतं.

“करू की,” मी म्हणाले. घरात पाहुण्यांसमोर नवीन पदार्थ करून बघणारी म्हणून माझी थोडी (अ)कीर्ती आहे.

नाशकात कुठून मागवून आणण्याची सोय नव्हती. इंजेरा करतात टेफच्या पिठाचा. टेफ हे गवतवर्गातलं धान्य, जगातल्या सगळ्यात बारीक धान्यांपैकी एक. एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार दाणे मावतात; त्याच्यापुढे आपली नाचणी थोराड दिसते. इथिओपियाने २००६ मध्ये कच्च्या टेफच्या निर्यातीवर बंदी घातली होती, देशातल्या लोकांना ते महाग होऊ नये म्हणून. पण अमेरिकेत आयडाहो राज्यात टेफ बऱ्याच वर्षांपासून पिकतं आणि माझी नणंद राहते व्हर्जिनियात, वॉशिंग्टनला लागून. त्या परिसरात इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिच्या घराजवळच्या किराणा दुकानातसुद्धा टेफचं पीठ मिळतं. दिवाळीऐवजी वाढदिवसाला यायचं तिने ठरवलंच होतं, ती पिठाची पिशवी घेऊन आली. इथिओपियाचं धान्य अमेरिकेत पिकून नाशकात उतरलं. सगळ्यांना पुरणार नाही म्हणून मी त्यात नाचणीचं पीठ मिसळलं. नानांना विचारून. ते म्हणाले, तिकडेही गरीब घरांत टेफमध्ये दागुसा नाहीतर ज्वारी मिसळतात, निव्वळ टेफचा इंजेरा ही चैन आहे.

पीठ आंबवणं हे आपल्याला नवं नाही. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवतो तसंच, फक्त इथे रात्रभराने भागत नाही, दोन-तीन दिवस जावे लागतात. यात उडीद नाही, मेथी नाही, फक्त पीठ आणि पाणी. वर पिवळसर पाणी जमतं, त्याला एरशो म्हणतात. ते ओतून काढायचं आणि त्यातलं थोडं पुढच्या खेपेला विरजणासारखं वापरायचं. मग खरी गंमत. आंबलेल्या पिठातलं थोडं काढून उकळत्या पाण्यात शिजवायचं, खळीसारखं घट्ट झालं की निवू द्यायचं आणि परत मूळ पिठात मिसळायचं. याला म्हणतात अब्सित. हे केलं नाही तर इंजेऱ्याला डोळे पडत नाहीत, म्हणजे वरच्या बाजूला जी बारीक भोकांची दाटी हवी ती येत नाही. शिजलेल्या पिठामुळे मिश्रणाला चिकटपणा येतो, वायू धरून ठेवला जातो, असं याचं कारण. इतक्या बारीक, ग्लूटेन नसलेल्या धान्यातून जाळीदार मऊ पोळी काढायची तर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हा उद्योग करून पाहिला असणार. मला अशा अनाम बायकांबद्दल नेहमी फार आदर वाटतो. पहिल्यांदा शिजवलेलं पीठ कच्च्या पिठात परत ओतताना ती घरच्यांना काय म्हणाली असेल?

पिठाच्या भांड्याशी नाना सकाळ-संध्याकाळ येऊन झाकण उघडून वास घेत. “अजून नाही,” म्हणत आणि जात. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि काही बोललेच नाहीत, तिथेच स्टुलावर बसले. मी समजले, पीठ झालं.

बेत ठरवताना एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास फार. दर बुधवार, दर शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे पंचावन्न दिवस, शिवाय आणखी कितीतरी. कडक पाळणाऱ्यांचे वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस उपासाचे जातात. उपास म्हणजे मांस नाही, अंडी नाहीत, दूध-तूप-लोणी नाही. उरतं काय? डाळी, भाज्या, तेल. त्यामुळे शाकाहारी माणसाची तिथे आठवड्यातून दोन दिवस तरी हमखास चंगळ. नानांच्या घरमालकीणबाईंनी पुढे पुढे त्यांच्यासाठी रोजच उपासाचं करायला सुरुवात केली. “कांदा-लसूण घालून कसला मेला उपास,” आई म्हणाल्या. मग साबुदाण्यावर तूप ओतून कसला, असं नाना म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं.

नव्या वर्षाला, म्हणजे ११ सप्टेंबरला, तिकडे घरोघरी डोरो वट होतो, म्हणजे कोंबडीचा दाट रस्सा. कोंबडीचे बारा तुकडे आणि त्यात अख्खी उकडलेली अंडी. नानांचा वाढदिवस त्याच सुमारास. “मग तुम्ही काय करायचात त्या दिवशी?” मी विचारलं. “यजमानांच्या घरी नाही कसं म्हणणार,” नाना म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तो विषय आम्ही तिथेच सोडला. बेत उपासाचाच ठरला: शिरो, मिसिर वट म्हणजे मसुरीचा वट, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा बिनतिखट अलिचा, कोबी-गाजर-बटाट्याची हळद घातलेली भाजी आणि हिरवी पालेभाजी.

आता बर्बरे. हा तिकडचा मूळ मसाला, तिखट, लालभडक, घराघरांत वेगळा. माझ्या डब्यांतून काढत गेले: मिरच्या (रंगाला ब्याडगी, तिखटाला थोडी लवंगी), धणे, मेथी, ओवा, कलौंजी, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ. एक कोरारिमा तेवढी नव्हती. ती तिकडची वेलची, आपल्या वेलचीच्याच कुळातली, पण चव वेगळी. तिच्या जागी हिरवी वेलची जास्त आणि मसाला वेलदोडा अगदी एक-दोन दाणे असा मार्ग काढला. बाकी सगळं घरातलं. मिरची तर त्यांचीही नाही आणि आपलीही नाही, दोघांकडे ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली आणि दोघेही आता तिच्यावाचून जेवत नाहीत. तेल घेतलं खुरासणीचं, लाकडी घाण्यावरचं. तिकडे उपासाच्या स्वयंपाकाला परंपरेने हेच तेल, त्यांच्या भाषेत नूग. बाटली उघडून नानांच्या हातात दिली तर त्यांनी थेंबभर तळव्यावर घेऊन चाटून पाहिलं. पन्नास वर्षं हे तेल घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर निघत होतं!

इथवर मी खुशीत होते. अनोळखी स्वयंपाक म्हणून घेतला आणि त्यातलं काहीच अनोळखी निघेना. मग कांदे चिरले.

भरपूर कांदे, अगदी बारीक. आणि कोरड्या पातेल्यात. तेल नाही. इथिओपियन वट असाच सुरू होतो: कांदा तेलाशिवाय मंद आचेवर परतत राहायचा, त्याचं पाणी सुटू द्यायचं, ते आटू द्यायचं, लागतोय असं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा, आणि तो गळून लगदा झाल्यावर मग कुठे तेल, मग बर्बरे, मग पुन्हा मंद आचेवर बराच वेळ. लिहायला सोपं आहे. पण माझा उजवा हात तेलाच्या बुधलीकडे जात होता, डावा मिसळणाच्या डब्याकडे. मी स्वयंपाकाला लागल्यापासून तेल तापवणं, मोहरी तडतडणं, हिंग-हळद या क्रमाने सुरू झाला नाही असा तिखटमिठाचा पदार्थ क्वचित केला असेल. मोहरी तडतडल्याच्या आवाजाशिवाय स्वयंपाक सुरू झाल्यासारखं वाटतच नव्हतं. आई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी न राहवून विचारलं, “गॅसवर काही ठेवलंयस, की नुसताच कांदा वाळवतेयस?”

शिरोचंही तेच. भाजलेल्या हरभऱ्यांचं पीठ, मसाला, लसूण. आपलं पिठलंच की, असं वाटतं. पण फोडणी नसलेलं पिठलं तुम्ही कल्पनेत आणून बघा. कांद्याच्या त्या लगद्यात पाणी उकळायचं, त्यात पीठ भुरभुरवायचं, गुठळ्या मोडायच्या आणि मग आपण थांबतो तिथे थांबायचं नाही. रटरटत ठेवायचं, तेल वर तरंगेपर्यंत. चव हळूहळू खालून वर येते. आपल्याकडे फोडणीचा मसाला जिभेला आधी भेटतो, खालची डाळ नंतर. इथे सगळं एकजीव, त्यात मेथी कोणती आणि ओवा कोणता हे वेगळं काढता येत नाही. मला हे जास्त आवडलं असं म्हणणार नाही. पण मी इतकी वर्षं ज्याला पिठलं म्हणते आहे त्यातलं पीठ कशाचं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

इंजेरा भाजताना पुन्हा उलटं. डोशाचं पीठ आपण मधोमध ओतून बाहेर पसरवतो. हे पीठ कडेपासून सुरू करून गोल गोल मध्यापर्यंत ओतत न्यायचं, आणि पळी लावायची नाही. तिकडे मिताद नावाचा अर्ध्या मीटरहून रुंद मातीचा तवा असतो. माझा आपला डोशाचा तवा, म्हणून आकार लहान. डोळे पडले की झाकण, वाफेवर शिजू द्यायचं, उलटायचं नाही. कापडावर निवत ठेवायचा आणि निवल्याशिवाय एकावर एक रचायचा नाही, नाहीतर चिकटतात. नणंदेचा मुलगा डोळे मोजत बसला होता. पोरांना असल्या कामाचा कंटाळा येत नाही.

मग ताटाचा प्रश्न आला. इथिओपियात सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात. खाली इंजेरा अंथरलेला, त्यावर भाज्यांचे ढीग, आणि प्रत्येकजण आपल्या समोरच्या बाजूने तोडून खाणार. आमच्या घरात अजून कुणी कुणाच्या पेल्यातलं पाणी पीत नाही, वाढणाऱ्याने खाताखाता वाढलेलं चालत नाही. उष्ट्याचा नियम आईंच्या अंगात मुरलेला आहे. त्यांना मी स्वतंत्र ताट मांडलं आणि बाकीच्यांसाठी पुरणाची मोठी परात. आई आपल्या ताटासमोर बसल्या. नानांनी परातीतून इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि मसुरीचा वट घेतला, गुंडाळला आणि तो घास सरळ आईंच्या तोंडापुढे धरला. तिकडची रीत आहे ही, गुर्शा म्हणतात. ज्याच्यावर जीव आहे, ज्याचा मान ठेवायचा आहे, त्याला आपल्या हाताने भरवायचं, आणि नाही म्हणायचं नसतं. आपल्याकडे हे लग्नातल्या पंगतीत एकदा होतं, तेही उखाणा घेऊन, लोकांच्या आग्रहामुळे. आई लाल झाल्या. नातवंडं ओरडायला लागली. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, “आंबट आहे. पण फडकं नाही.”

नाना कसे जेवले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याकडे फार बघायचं नाही असं ठरवलं होतं. “बरोबर झालंय” असं ते एकदाच म्हणाले. आमच्याकडे मास्तरांचा हा शेरा म्हणजे पैकीच्या पैकी.

कॉफी त्यांनी स्वतः केली. हिरव्या बिया लोखंडी कढईत भाजल्या, ती धुरकट कढई प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवली, खलबत्त्यात कुटलं आणि उकळलं. तिकडे एकाच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना आणि बरका, आणि तिसरी घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. तिसरी फेरी अगदी पानचट असते. तोवर मुलं उठून गेली होती, आम्ही चौघं-पाचजण उरलो होतो. आणि तेव्हा नानांनी जे सांगितलं ते घड्याळाच्या गोष्टींसारखं पाठ झालेलं नव्हतं.

१२ सप्टेंबर १९७४ ला सैन्याने सम्राटाला पायउतार केलं आणि राजवाड्यातून एका फोक्सवॅगन गाडीत बसवून नेलं. ही बातमी गावात रेडिओवर आली तेव्हा नानांच्या वर्गातली मुलं नाचली होती. त्या हिवाळ्यात नव्या लष्करी सरकारने वरच्या वर्गांतल्या आणि विद्यापीठातल्या हजारो मुलांना खेड्यांत पाठवलं, साक्षरता आणि जमीनसुधारणेच्या मोहिमेवर. नानांचे अकरावी-बारावीचे वर्ग रिकामे झाले. शिकवायला मुलं नाहीत म्हणून ते परत आले. त्यातले काहीजण पत्रं लिहायचे. मग १९७७-७८ मध्ये तिथे जे ‘लाल दहशत’ म्हणून ओळखलं जातं ते सुरू झालं आणि शिकलेली तरुण मुलं हजारोंनी मारली गेली. पत्रं थांबली. नानांनी आपण होऊन कधी शोध घेतला नाही. ते म्हणाले, हजेरीपट अजून तोंडपाठ आहे. आणि त्यांनी म्हणून दाखवला, अनुक्रमांकासह, शाळेत म्हणतात त्या सुरात. आईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. मुलाने नाही, मुलीने नाही.

एवढी वर्षं आम्ही इथिओपियाला नानांच्या गमतीजमतींचं कपाट समजत होतो. माणसाच्या आवडीचं काही करून घालावं म्हणून मी हा घाट घातला, आणि तिशीच्या आतले एक नाना आमच्यात येऊन बसले, ज्यांच्याशी आमच्यापैकी कुणाचीच ओळख नव्हती. ते कुणाचे वडील नव्हते, कुणाचे नवरे नव्हते. त्यांना काय विचारावं हे आम्हाला सुचेना. नणंदेने शेवटी विचारलं, कॉफी अजून करू का? ते म्हणाले, तीनच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेरे उरले होते. तिकडे उरलेल्या इंजेऱ्याचे तुकडे बर्बरेच्या रश्श्यात घोळून न्याहारीला फिरफिर करतात. मी उठेपर्यंत आईंनी गॅस पेटवलेला होता. कढईत तेल, त्यात मोहरी, कढीपत्ता, हिंग. वर कांदा, कालचा उरलेला वट आणि हाताने कुस्करलेले इंजेरे. फोडणीची पोळी करतात तसंच. घरभर खमंग वास.

नानांनी बशी घेतली, चमच्याने उलटसुलट करून बघितलं.

“फिरफिरमध्ये मोहरी नसते,” ते म्हणाले.

“आमच्यात असते,” आई म्हणाल्या, आणि वरून कोथिंबीर घातली.